खणून बघितल्याशिवाय कलम लावू नका

दर मे महिन्यात मला असा एक तरी फोन येतो. वाटण्या झालेल्या असतात, सातबाऱ्यावर नाव चढलेलं असतं, माणूस मुंबईला असतो आणि प्रश्न एकच असतो, गावच्या जमिनीत काय लावू? यंदा माझ्या बहिणीच्या मुलाने विचारलं. "मावशी, चाळीस गुंठे आलेत वाट्याला. हापूस लावू की काजू?"

"खणून बघितलंस काय?" मी म्हटलं.

त्याने खणलं नव्हतं, माती तपासून घेतली होती. तो कागद त्याने फोनवर पाठवला. नत्र कमी, स्फुरद कमी, पालाश मध्यम, सामू (पीएच) ५.६. कागद बरोबरच असणार, आमच्या बाजूच्या पुष्कळ जमिनी तशाच निघतात. पण कातळ किती फुटांवर लागतो ते त्या कागदावर नव्हतं, आणि जुलैत पाणी कुठवर चढतं तेही नव्हतं. नत्र कमी असलं तर शेणखत घालता येतं. कातळ वर असला तर तो खाली ढकलता येत नाही.

म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते आहे. आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठाला. वर जांभ्याचा सडा, म्हणजे तांबड्या दगडाचं सपाट पठार, मग उतार, उताराच्या पायथ्याशी वाडी आणि पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या, बागा, खाली भाताचे मळे आणि शेवटी खाजण, म्हणजे खाडीलगतची खारी जमीन. वरून खाली चालत यायला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्या वाटेत जमीन पाचदा बदलते. कोकणात बहुतेक गावं थोड्याफार फरकाने अशीच आहेत, त्यामुळे पालघरपासून सावंतवाडीपर्यंत कोणालाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी आमची चूक सांगते

रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना १९९० साली आली आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत आमच्याकडचे उतार कलमांनी भरून गेले. आम्ही १९९८ साली लावायचं ठरवलं. आमचा उतार खडकाळ, वर पाणी नेण्याची सोय नाही. उलट खालचा मळा मऊ, पाण्याजवळ, घरापासून हाकेच्या अंतरावर. ज्यांच्याकडून कलमं घेतली त्यांनीही माती हातात घेऊन "एक नंबर जमीन" म्हणून सांगितलं. चाळीस कलमं आम्ही मळ्यात लावली.

पहिली पाच वर्षं ती कलमं अशी वाढली, की वाटेने जाणारे थांबून बघायचे. पालवी आली की पुन्हा पालवी, मोहर मात्र नाही. सहाव्या वर्षी तीन झाडांवर थोडा आला आणि गळून गेला. मग २००५ च्या पावसाळ्यात पानं पिवळी पडत गेली आणि दिवाळीपर्यंत अकरा झाडं उभ्या उभ्या वाळली. यजमानांनी एक झाड मुळापासून उपटायला घेतलं. मुळं दीड फूट सरळ गेली होती आणि तिथून आडवी वळली होती. टोकं काळी, कुजकी. त्याखाली राखेच्या रंगाची चिकण माती, आणि पावसाळा सरून महिना झाला तरी खड्ड्यात पाणी पाझरत होतं. ते खड्ड्याच्या काठावर बसून राहिले, काही बोलले नाहीत. पुढच्या दोन वर्षांत आम्ही उरलेली कलमंही काढली आणि तिथे पुन्हा भात लावला. भात आजही उत्तम येतो.

आंब्याला पाऊस संपल्यावर जमीन सुकावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुळांना ताण बसला की झाड पालवी थांबवून मोहराकडे वळतं. देवगडच्या कातळावरचा आंबा लवकर येतो त्यात या सुकण्याचा मोठा वाटा आहे. मळ्यातलं झाड जानेवारीपर्यंत ओलीत उभं होतं, त्याला मोहरायचं कारणच नव्हतं. हे आम्हाला खड्डा खणून पहिल्याच दिवशी कळलं असतं.

खड्डा कसा खणायचा

पहार, कुदळ, फावडं, मोजायची टेप, दोन बादल्या पाणी आणि एक रिकामी काचेची बरणी एवढं घ्या. जमिनीत आधी नुसतं फिरा. झाडोरा बदलला, उतार बदलला, मातीचा रंग बदलला की तिथे वेगळा खड्डा. चाळीस गुंठ्यांत निदान तीन तरी होतातच. बांधाच्या कडेला, वारुळावर, जुन्या गोठ्याच्या जागी किंवा मोठ्या झाडाखाली खणू नका, तिथली माती बाकीच्या शेताबद्दल काही सांगत नाही.

खड्डा एक मीटर खोल, आणि एक बाजू सरळ उभी कापलेली, सूर्याकडे तोंड असलेली. खणताना पहारीचा आवाज ऐका. मातीत ती थप्पकन रुतते, मुरमात करकरते, कातळावर ठण्णकन उडते. ठण्ण झालं की लगेच निराश होऊ नका, चारी बाजूंना हात-हातभर अंतरावर पहार मारून बघा. सुटा धोंडा असला तर कडेला माती लागते. चारही ठिकाणी तेवढ्याच खोलीवर आवाज आला तर तो कातळ.

आमचे सासरे खोली अंगावर मोजायचे, मी अजून तसंच करते. वीतभर माती, म्हणजे नऊ इंच: गवत, आणि जिथे थोडी साठलेली असेल तिथे नाचणी-वरी. हातभर, म्हणजे दीड फूट: काजूला कमीत कमी एवढी हवी, तीही खालचा थर फुटका असेल तर, कारण काजूची मुळं भेगांतून वाट काढतात. कंबरभर, म्हणजे तीन फूट किंवा जास्त: आता आंबा, फणस, नारळ यांचा विचार करा. हा माझा ढोबळ अंदाज आहे, पण गेल्या वीस वर्षांत त्याने मला फसवलेलं नाही.

मे महिन्यात जुलैचं पाणी कसं बघायचं

हा भाग सावकाश वाचा, कारण मुंबईची माणसं मे महिन्यात येतात आणि तेव्हा सगळ्याच जमिनी कोरड्या दिसतात.

पाणी गेलं तरी मातीच्या रंगात त्याची खूण राहते. आपल्या मातीत लोह भरपूर. हवा खेळती असली की ते गंजतं आणि माती तांबडी किंवा पिवळसर दिसते. महिनोन्महिने पाणी भरून राहिलं की हवा मिळत नाही, लोह विरघळून जातं आणि माती राखी, कधी निळसर होते. पाणी चढतं-उतरतं त्या पट्ट्यात राखी मातीवर तांबूस-नारिंगी डाग आणि रेघा पडतात. म्हणून खड्ड्याच्या उभ्या बाजूवर पाणी मारून ती ओली करा, आणि वरून खाली बघत जा. पहिला राखी ठिपका कुठे दिसतो तिथे टेप लावा. पावसाळ्यात पाणी साधारण तिथपर्यंत चढून राहतं. माझ्या मळ्यात ती खूण दीड फुटावर होती. वर कितीही मऊ माती असो, आंब्याच्या मुळांना तिथे दीड फुटाचंच घर होतं.

एक सावधगिरी ठेवा. जांभ्याच्या खाली तांबडी, पिवळी, पांढरी अशी ठिपक्याठिपक्यांची माती पुष्कळ ठिकाणी लागते. ते रंग जांभा तयार होतानाचे, फार जुने असतात, आणि त्यांचा आजच्या पाण्याशी संबंध असेलच असं नाही. फरक ओळखायचा तर डाग कुठे आहेत ते बघा. ओल्या मळ्यात गंजाचे डाग मुळांच्या वाटांभोवती बारीक नळ्यांसारखे असतात, नखाने निघतात. जांभ्याखालचे ठिपके मोठाले, आणि मुळांशी त्यांचं काही नातं नसतं. शंका असली तर जुलैत एकदा सुट्टी काढून या आणि त्याच खड्ड्यात डोकावा. खरं तर दोन्ही वेळा यावं. घरातल्या लग्नाला येता, तसं जमिनीसाठीही एकदा पावसात या.

वासही घ्या. खोलवरच्या मातीला कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तिथे हवा अजिबात पोचत नाही, फळझाडाचा विचार सोडा.

हाताने मळून बघायची माती

खालच्या थरातली मूठभर माती घ्या, पाणी घालून कणकेसारखी मळा, अंगठा आणि बोटाच्या मधून तिची पट्टी पुढे काढत जा. पट्टी निघतच नाही, गोळाही धरत नाही, तर वाळूसरी. इंचभर निघून तुटते, तर मध्यम. दोन इंचांच्या पुढे लांबते, तर चिकण. चिकण माती पाणी धरते, म्हणून भाताला चांगली. वाळूसरी सोडते.

जांभ्याची तांबडी माती इथे फसवते. तिच्यातले चिकणीचे कण लोहाने एकमेकांना घट्ट चिकटून रव्यासारखे झालेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा हाताला ती भरड वाटते. पाच-सात मिनिटं नेटाने मळत राहिलात की हळूहळू चिकण लागते. म्हणजे तिच्यात बारीक कण आहेत, पण पाणी मात्र ती रेतीसारखं झटकन सोडते. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही आमच्या उतारावरची झाडं फेब्रुवारीत तहानलेली असतात, ती यामुळे.

बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपड्यांचा साबण घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिट-दोन मिनिटांत तळाला बसते, पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ, काही तासांत, चिकण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. मुलांना दाखवायला हे छान आहे. निर्णय मी बोटांवरच घेते.

पाण्याची चाचणी मात्र चुकवू नका. एक फूट लांब, रुंद, खोल खळगा करा, पाण्याने भरा, जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासा-दोन तासांत गेलं तर फळझाडाला निचरा ठीक. काही मिनिटांतच गायब झालं तर तिथे उन्हाळ्यात पाण्याची सोय आधी करा, मगच झाड. सकाळी भरलेलं दुसऱ्या दिवशीही उभं असलं तर ती भाताची जागा आहे.

आता कुठे काय

सड्यापासून सुरू करते. आपला काळा पाषाण लाखो वर्षं पावसाने धुतला गेला, त्यातली वाळूची द्रव्यं आणि चुना वाहून गेला, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा जांभा झाला. खाणीतून कापताना तो त्या मानाने मऊ असतो आणि उघड्यावर वाऱ्या-उन्हात कडक होतो, म्हणून तर त्याचे चिरे निघतात. १८०७ साली बुकानन या स्कॉटिश वैद्याने मलबारात लोक हा दगड विटांसारखा कापतात हे लिहिलं आणि विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिलं. आमच्याकडे जांभा हे नाव आधीपासूनच होतं, त्यासाठी बाहेरून कोणी यावं लागलं नाही.

हल्ली सडा म्हटला की सुरुंग लावून खड्डे पाडतात, बाहेरून माती आणून भरतात आणि कलमं लावतात. त्यातून आंबा चांगला येतो, हे मी नाकारत नाही. पण ती माती कुठून येते हे विचारा. ती कोणाच्या तरी उतारावरून खरवडलेली असते, आणि एकदा खरवडलेला उतार पुन्हा भरून येत नाही. दुसरं म्हणजे पाणी. जांभा भोकाभोकांचा, तो पाऊस पिऊन घेतो. त्याच्याखाली चिकण थर असतो, तो पाण्याला अडवतो, आणि पाणी सड्याच्या कडेला झऱ्याने बाहेर पडतं. आमच्या वाडीचा झरा, पोफळीच्या बागा, देवळाजवळची विहीर, सगळं त्या सड्याच्या पाण्यावर आहे. आमच्या वाट्याचा सडा आम्ही गवताला आणि गुरांना सोडला आहे. पावसाळ्यात तिथे सीतेची आसवं फुलतात. आणि सुरुंग लावण्याआधी कातळ झाडून बघा. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तुमच्या कातळावरची रेघ पाण्याने पडलेली आहे की माणसाने कोरलेली, हे जाणत्या माणसाला दाखवून घ्या.

सड्यावर शेततळं खणायचं असेल तर तळाला प्लास्टिकचं अस्तर हवंच. नुसत्या जांभ्यात पाणी दिवाळीपर्यंत टिकत नाही.

उताराला सातबाऱ्यावर बहुधा 'वरकस' लिहिलेलं असतं. पूर्वी तिथे आलटून-पालटून नाचणी, वरी, तीळ व्हायचे. आज त्यावर काजू सर्वांत सोपा. हातभर माती पुरते, पाणी साचू द्यायचं नाही एवढीच त्याची अट. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या जाती, वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७, आमच्याकडे चांगल्या चालल्या आहेत. अंतर सात-आठ मीटर, खड्डा दोन फुटांचा. जिथे कंबरभर माती निघाली तिथे हापूस, दहा मीटर अंतरावर, एक मीटरचा खड्डा. ओहोळाच्या कडेला, सावलीत कोकम. खणायच्या आधीच अंदाज घ्यायचा तर झाडोरा बघा. ऐन-किंजळ उंच सरळ वाढले असले तर मुळांना खाली जागा मिळाली आहे. नुसत्या करवंदाच्या जाळ्या आणि आखूड गवत असलं तर कातळ जवळ आहे. लव्हाळा किंवा केवडा दिसला तर उतार असूनही तिथे पाणी झिरपतं.

उतारावर जेसीबीने सरसकट सपाटी करू नका, हात जोडून सांगते. वरची वीतभर माती हीच तुमची सगळी इस्टेट. सपाटीत ती खाली गाडली जाते आणि वर नापीक मुरूम येतो. प्रत्येक झाडाला अर्धचंद्राकृती ओटा करा, उताराला आडवे चर काढा, निघालेल्या दगडांचा गडगा घाला. पावसाने आणलेली माती गडग्याला अडते. आमच्या खालच्या गडग्यामागे बावीस वर्षांत दीड हात माती साठली, आता तिथे फणस आहे.

वाडीच्या पायथ्याशी, जिथे वरची माती साठते आणि झऱ्याचं पाणी आहे, तिथे पोफळ. तिला खोल, निचऱ्याची, कायम ओलसर माती आणि वाऱ्यापासून आडोसा लागतो, खारं पाणी अजिबात चालत नाही. साधारण पावणेतीन मीटर अंतर ठेवतात. नारळाखाली मिरी, जायफळ, दालचिनी अशी मिश्र लागवड कशी करायची हे बघायला भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातली 'लाखी बाग' एकदा बघून या.

मळा, म्हणजे सातबाऱ्यावरची 'तरी', भाताचा. चिकण माती, वर्षानुवर्षं चिखलणी होऊन खाली घट्ट झालेला थर, त्यामुळे पाणी उभं राहतं. तो थर भाताला हवाच असतो, ट्रॅक्टर खोल घालून फोडू नका. काही मळ्यांत पाण्यावर तेलासारखा नारिंगी तवंग येतो. ते लोह आहे. तिथे भाताची पानं तांबूस पडू लागली तर पाणी काढून दोन-चार दिवस जमीन उघडी ठेवा, आणि पुढच्या वर्षी चुना द्या. कापणीनंतर राहिलेल्या ओलीवर कुळीथ, चवळी, पावटा घ्या. रायगडात याच ओलीवर वाल करतात, आणि अलिबागजवळ कार्ले-खंडाळ्याच्या शेतकऱ्यांचा पांढरा कांदाही भातानंतरच्या जमिनीतच होतो. ओहोळावर बंधारा घालून पाट काढता आला तर वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भात.

खाजणाबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात, कोणी फुकट जमीन म्हणतं, कोणी मेलेली. दोन्ही खरं नाही. एप्रिलमध्ये वर पांढरी पापडी दिसते, कारण ऊन वरचं पाणी ओढतं आणि खालचं मीठ त्याबरोबर वर चढतं. पावसाच्या पहिल्या सरींनी ते धुतलं जातं, पण बांध धड असेल आणि उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, चालू असेल तरच. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जावं आणि भरतीला दार आपोआप मिटावं, यावर सगळा खेळ. आमच्या इथे एकदा उधाणाने बांध फुटला, एका रात्रीत खारं पाणी आत आलं, आणि भात पूर्वीसारखा यायला तीन पावसाळे गेले. अशा जमिनीत मीठ धुऊन गेल्यावरच पेरणी करा. मोड आलेलं बी चिखलावर फेकायची 'रहू' पद्धत आहेच. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत, पनवेल १, २, ३ या नावांनी त्या मिळतात. मातीची क्षारता तपासून घ्या, ४ डेसीसायमनच्या वर गेली की बहुतेक पिकांना त्रास होतो. भाव वधारला म्हणून ट्रकने लाल माती आणून खाजण भरणारे मी पाहिले आहेत. दोन उन्हाळ्यांत खालचं मीठ त्या लाल मातीतून वर येतं. रायगडातल्या खारपट्ट्यात शेताजवळच्या तळ्यात जिताडा मासा वाढवतात, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. आणि जिथे तिवर, मारांडी उभी आहे तिथे कोयता लावूच नका. खारफुटी तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली बंदी घातली, तिच्याभोवती ५० मीटरपर्यंतही बांधकाम चालत नाही. आमचा बांध लाटांपासून वाचतो तोही तिच्यामुळेच.

पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, नारळ. बाणवली जात, साडेसात मीटरवर. वाळू खत धरून ठेवत नाही, म्हणून एकदम न देता थोडं थोडं द्या. विहिरीतून बेताने उपसा करा, कारण गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, फार उपसलंत की खालचं वर येतं.

घर बांधायचं असेल तर

जांभ्यावर पाया चांगला बसतो. पण शोषखड्ड्याचं पाणी त्याच्या भोकांतून न गाळता थेट विहिरीकडे जातं. विहिरीपासून निदान १५ मीटर लांब, आणि उताराच्या खालच्या बाजूलाच शोषखड्डा काढा. जांभ्यात मी त्याहूनही लांब ठेवायला सांगते.

उतार कापून घरासाठी जागा करणं ही मला सर्वांत जास्त भीती वाटणारी गोष्ट. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरात इर्शाळवाडी, अतिवृष्टीत डोंगर घरांवर आला. वरची सैल माती पाण्याने जड होते आणि खालच्या घट्ट थरावरून घसरते. झाडांची खोडं बुंध्याशी वाकून मग सरळ झालेली दिसत असली, उताराच्या माथ्याला लांब भेग असली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा नवा झरा फुटला, तर तिथे घर नको. आधीच असलं तर जोराच्या पावसात रात्री तिथे झोपू नका, आणि तलाठ्यांना लेखी कळवा.

प्रयोगशाळा सगळ्यात शेवटी

खड्डे बघून झाले, काय लावायचं ते ठरलं, मग माती तपासा. भातासाठी वरची वीतभर, आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा काप घेऊन, एकत्र मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरेपर्यंत. फळझाडासाठी पहिला, दुसरा, तिसरा फूट वेगवेगळ्या पिशव्यांत. खत घातल्यावर लगेच नमुना घेऊ नका. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून या भागासाठी शिफारसी देत आहे, त्या आपल्या आम्ल मातीला धरून असतात. आपल्याकडचं स्फुरद लोहाशी बांधलं जातं, म्हणून ते नुसतं वर फेकू नका, शेणखतात मिसळून मुळांजवळ द्या.

बहिणीच्या मुलाचे चाळीस गुंठे आम्ही गेल्या आठवड्यात खणले. तीन खड्डे. वरच्या कोपऱ्यात अकरा इंचांवर कातळ, मधल्या पट्ट्यात साडेतीन फूट तांबडी माती, खालच्या कोपऱ्यात दोन फुटांवर राखी ठिपके. मी त्याला वहीच्या पानावर नकाशा काढायला लावला, प्रत्येक खड्ड्याची खोली आणि पाण्याची वेळ त्यावर लिहायला लावली. मधल्या पट्ट्यात बारा हापूस बसतात, त्याच्या कडेने आठ काजू, वर गवत, खाली कोकम. त्याला चाळीस हापूस हवे होते. थोडा हिरमुसला, पण नकाशा घडी करून पाकिटात ठेवला.

हापूसचे खड्डे त्याने आत्ताच घेतले आहेत, उन्हात तापू द्यायला. जूनच्या पहिल्या सरीआधी वरची माती, दोन घमेली शेणखत आणि पाचोळा घालून भरायचे, जमिनीपेक्षा वीतभर उंच, कारण पावसात भराव बसतो. आणि भरल्याबरोबर मधोमध काठी रोवायची. पंधरा दिवसांत गवत एवढं वाढतं, की खड्डा कुठे होता ते कळत नाही.